किती वॅट?

आपल्या लोकांना प्रश्न विचारायची हौस दांडगी, पण प्रश्न मोजकेच. पोरगं दिसलं की 'कितवीत आहेस?', जरा मोठं झालेलं दिसलं की 'पॅकेज किती?', घर दिसलं की 'कार्पेट किती?' आणि स्पीकर दिसला की 'किती वॅट?' पहिल्या तीन प्रश्नांनी फक्त माणसं दुखावतात. चौथ्या प्रश्नानं मात्र चांगले स्पीकर मेले, चांगले कान गेले आणि दर वर्षी आमच्या गल्लीतल्या खिडक्यांच्या काचा थरथरतात. म्हणून या प्रश्नाविरुद्ध मी जाहीरपणे लेखणी उपसत आहे. लेखणीचे वॅट विचारू नयेत.

मुळात स्पीकरला स्वतःचे वॅट नसतातच. वॅट देतो तो ॲम्प्लिफायर. स्पीकर ते नुसते सोसतो. स्पीकरच्या पाठीवर 'शंभर वॅट' असं लिहिलेलं असतं ते त्याच्या सहनशक्तीचं प्रमाणपत्र असतं. एखादा मुलगा शंभर छड्या खाऊनही रडत नाही, एवढ्यावरून तो गणितात हुशार आहे असं आपण म्हणतो का? पण स्पीकरच्या बाबतीत आपण नेमकं तेच म्हणतो आणि वर पैसे मोजतो.

हे ज्ञान मला उपजत नव्हतं. ते मला शेजारच्या बिल्डिंगमधल्या काकांच्या स्पीकरांनी दिलं, आणि बरंच महागात दिलं.

काकांची बिल्डिंग पुनर्विकासाला गेली. बिल्डरनं दिलेल्या भाड्यात जी तात्पुरती जागा मिळाली, तिच्यात माणसंच जेमतेम मावत होती. काकांनी मला बोलावून घेतलं. भिंतीशी दोन लाकडी पेट्या उभ्या होत्या. पंचवीस इंच उंच, चौदा इंच रुंद, अक्रोडाच्या लाकडाचं अस्तर, पुढे जाळीचं कापड. काका म्हणाले, "एआर-थ्री-ए. बोस्टनला शिकायला होतो ना, तेव्हा १९७२ साली घेतले. जोडीचे पाचशे डॉलर. डब्यातलं सूप पिऊन दिवस काढले, पण घेतले. येताना बोटीनं आणले, ट्रान्स्फर ऑफ रेसिडेन्समध्ये. घेतोस?"

मी म्हटलं, "काका, पैसे कसले घेता? मी सांभाळतो की."

"मुळीच नाही. फुकट मिळालेल्या वस्तूवर लोक कुंड्या ठेवतात. पैसे दे आणि घेऊन जा."

पैसे दिले. घेऊन जाणं मात्र सोपं नव्हतं. एकेक पेटी चोवीस किलोची! विमान कंपन्या एका बॅगेला तेवीस किलोची मर्यादा का घालतात ते त्या दिवशी कळलं; कुणीतरी एआर-थ्री-ए घेऊन विमानतळावर गेला असणार. दोन हमाल, वॉचमन आणि मी मिळून पेट्या घरी आणल्या. आमच्या मंडळींनी त्यांच्याभोवती एक फेरी मारली.

"अहो, ही कपाटं कुणाची?"

"कपाटं नाहीत, स्पीकर आहेत."

"तेच म्हटलं, दारं कुठून उघडतात!"

आता या पेट्यांची थोडी कुळकथा सांगायला हवी, कारण सगळं भांडण त्यातच आहे. एडगर व्हिलचर नावाचा एक अमेरिकन गृहस्थ. शिक्षण कलेच्या इतिहासाचं. दुसऱ्या महायुद्धात सैन्यात असताना इलेक्ट्रॉनिक्स शिकला आणि पुढे ते कॉलेजात शिकवू लागला. त्या काळी घरात खर्ज ऐकायचा तर स्पीकरची पेटी गोदरेजच्या कपाटाएवढी लागे. व्हिलचरनं विचार केला, की स्पीकरचा पडदा मागे खेचायला ताठ स्प्रिंग कशाला? पेटी हवाबंद करा, पडदा सैल सोडा. पेटीत कोंडलेली हवाच गादीसारखी स्प्रिंगचं काम करील. हवेची स्प्रिंग लोखंडापेक्षा इमानदार. १९५४ साली त्यानं हेन्री क्लॉस या आपल्या विद्यार्थ्याला बरोबर घेऊन मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजला 'अकूस्टिक रिसर्च' ही कंपनी काढली. एआर म्हणतात ते हेच. मग छोट्या पेटीतून तंबोऱ्याच्या खर्जाइतका खोल आवाज निघू लागला. ही कंपनी खरे वादक मंचावर बसवायची आणि वाजवता वाजवता मध्येच ते नुसते हात हलवत. वाजत असत ते स्पीकर. कुठे बदललं हे श्रोत्यांना ओळखता येत नसे. आपल्याकडे हल्ली गायक नुसते ओठ हलवतात, त्याच्याशी याचा संबंध जोडू नये.

पण जगात फुकट काहीच मिळत नाही. छोटी पेटी आणि खोल खर्ज मिळाला, त्याची किंमत वीज. हे स्पीकर वीज खूप खातात आणि त्या मानानं आवाज कमी देतात. शिवाय यांचा विरोध फक्त चार ओहम, काही सुरांना त्याहूनही कमी. हा ओहम म्हणजे काय ते गच्चीवरच्या टाकीवरून सांगतो. ॲम्प्लिफायर ही टाकी आणि स्पीकर हा नळ. ओहम जितके जास्त तितका नळ चिंचोळा. जितके कमी तितका सताड उघडा. सोळा ओहमचा जुना विलायती स्पीकर म्हणजे थेंब थेंब गळणारा नळ. तिथे आठ ओहमवर पन्नास वॅट देणारा ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायर पंचवीसवर येतो. चार ओहमचा स्पीकर म्हणजे आमच्या खालच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाचा नळ. तो उघडला की वरच्यांची टाकी रिकामी. टाकी मोठी आणि पाइप जाड असेल तर ठीक. नसेल तर पंप जळतो.

एवढं सगळं मला नंतर कळलं. आधी मी काय केलं? जे कुणीही केलं असतं तेच. लॅमिंग्टन रोडला गेलो. त्या रस्त्याचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग होऊन कैक वर्षं झाली, पण इलेक्ट्रॉनिक्सच्या गिऱ्हाइकाला ते अजून सापडलेलं नाही.

पहिल्या दुकानातल्या मुलानं मला दिवे लुकलुकणारा एक डबा दाखवला. "साब, पाँच हजार वॅट! पीएमपीओ!" हा पीएमपीओ म्हणजे क्षणभराच्या शिखरावरची शक्ती म्हणे. ती कशी मोजावी याचा कसलाही नियम नाही. म्हणजे गल्लीतल्या कुत्र्यापासून पळताना मी पहिलं एक पाऊल ज्या वेगानं टाकलं, त्या वेगानं मी पुण्याला किती वेळात पोचेन असा हिशेब. अमेरिकेत या थापांना कंटाळून सरकारनं १९७४ साली नियमच केला, की घरगुती ॲम्प्लिफायरच्या जाहिरातीत सलग देता येणारी शक्तीच सांगायची. आपल्याकडे मात्र हा पीएमपीओ अजून खोक्यांवर सुखानं नांदतो आहे. मी तो डबा उलटा केला. मागे बारीक अक्षरांत लिहिलं होतं : वीज खर्च, चाळीस वॅट.

मी म्हटलं, "अरे, हा आत चाळीस वॅट घेतो आणि बाहेर पाच हजार देतो?"

"हां साब! यही तो टेक्नॉलॉजी है!"

हे टेक्नॉलॉजीवाले वेळेवर भेटले असते तर कोयनेचं धरण बांधायची गरज पडली नसती. पाटणच्या तलाठ्याच्या टेबलावर एक डबा ठेवला असता की काम झालं असतं.

दुसऱ्या दुकानात सिनेमासाठी करतात तसा सात स्पीकरांचा, शंभर-शंभर वॅटचा झुळझुळीत ॲम्प्लिफायर होता. त्याच्या पाठीवर स्पष्ट लिहिलं होतं, 'सहा ओहमच्या खालचे स्पीकर लावू नयेत'. मी म्हटलं, माझे चार ओहमचे आहेत. दुकानदार म्हणाला, "काही होत नाही हो. लिहायचं म्हणून लिहितात." आपल्याकडे 'काही होत नाही' या तीन शब्दांवर पूल उभे आहेत, तर माझ्या एका ॲम्प्लिफायरची काय कथा! मी तो घेतला. शंभर वॅट म्हटल्यावर मीही विरघळलो होतो, हे कबूल केलं पाहिजे. शेवटी मीही 'किती वॅट?'वाल्यांच्याच घरात जन्मलेला.

घरी लावला. विसाव्या मिनिटाला त्याच्या पाठीवर पापड भाजता आले असते. पंचविसाव्या मिनिटाला आतून 'टक्' असा आवाज आला आणि ॲम्प्लिफायरनं स्वतःला वाचवण्यासाठी डोळे मिटले. गार झाला की उघडायचा, पुन्हा वीस मिनिटांनी मिटायचा. ख्यालाच्या विलंबितापर्यंत तग धरायचा. द्रुत काही आम्हाला त्यानं ऐकू दिली नाही.

एके दिवशी माझा भाचा आला. त्यानं आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलं. आवाज चिरकला. मी ओरडलो, "अरे, बंद कर!" तो म्हणाला, "मामा, अहो शंभर वॅट सोसणारे स्पीकर आहेत, त्यांना काय होतंय?" इथेच बहुतेकांची फसगत होते. स्पीकर मरतात ते मोठ्या ॲम्प्लिफायरनं बडवल्यामुळेच, असा समज आहे. त्याहून जास्त वेळा त्यांचा जीव घेतो तो आवाक्याबाहेर ओरडायला लावलेला छोटा ॲम्प्लिफायर. सुराची लाट त्याच्या छताला जाऊन आपटते आणि तिचा माथा सपाट कापला जातो. सह्याद्रीचे सुळके कापून सगळं पाचगणीचं टेबललँड करावं तसं. त्या कापलेल्या कडांमधून मुळात नसलेले तीव्र सूर जन्माला येतात आणि ते थेट जाऊन आदळतात ट्वीटरवर. एआर-थ्री-ए मधला ट्वीटर पाऊण इंचाचा, वालाच्या दाण्याएवढा जीव. तो तापतो आणि त्याची तार वितळते. मोठ्या तब्येतीच्या माणसानं हलक्या आवाजात बोललेलं कुणालाच बाधत नाही. बाधतं ते काडीपहिलवानानं बेंबीच्या देठापासून ओरडलेलं.

भाच्याला मी हाकलला. पण तेवढ्यात माझ्या ध्यानात आलं, की एका स्पीकरचा ट्वीटर मुळातच बोलत नाही. दुसऱ्याचाही घसा बसल्यासारखा. सगळं गाणं गोधडी पांघरून चाललेलं. शिवाय खर्जाच्या मोठ्या पडद्याच्या कडेला असलेली फोमची झालर बोट लावताच हातात आली, काळी, चिकट, मशेरीसारखी. दोष बनवणाऱ्याचा नाही. पन्नास वर्षं मुंबईच्या समुद्राची हवा खाल्ल्यावर माझीही झालर तशीच झाली आहे.

एका कारागिराकडे पेट्या दिल्या. त्यानं झालर बदलली. चार दिवसांनी अभिमानानं म्हणाला, "साहेब, आत निसता कचरा कोंबला होता बघा. काचेचा कापूस! सगळा काढून पेटी साफ केली. आणि ट्वीटर गेलेत. नवे भोंग्याचे टाकतो, डबल आवाज!" व्हिलचरनं हवेच्या स्प्रिंगची आयुष्यभर केलेली साधना त्यानं पोत्यात भरून दुकानामागे टाकली होती! ते पोतं मी स्वतः उचलून आणलं, कापूस दोन्ही पेट्यांत परत भरला आणि दोन दिवस सर्वांग खाजवत बसलो. मग पुट्टी लावून पेट्या हवाबंद केल्या. अशा पेटीची परीक्षा सोपी आहे. खर्जाचा पडदा हलक्या हातानं आत दाबावा आणि सोडावा. तो सावकाश, नाइलाजानं, कामावर परत येणाऱ्या कारकुनासारखा बाहेर आला तर पेटी हवाबंद. टुणकन आला तर कुठेतरी गळते आहे. जुने स्पीकर घेणाऱ्यांनी वॅट विचारण्यापेक्षा हे करावं. पैसे पडत नाहीत.

राहिले ट्वीटर. मी काकांना फोन लावला. काकांना कमी ऐकू येतं, त्यामुळे सगळी बिल्डिंग त्या संभाषणात होती. मी ओरडून म्हटलं, "काका, ट्वीटर गेलेत म्हणतात!"

"गेले कशानं? मागची बटणं फिरवलीस का?"

पेटीच्या मागे दोन छोटी बटणं असतात. एक मधल्या सुरांचं, एक वरच्या. आपल्या खोलीप्रमाणे ती कमीजास्त करायची. "ती आतून गंजतात," काका म्हणाले. "वीस-पंचवीस वेळा इकडून तिकडे फिरव. साफ करायचा फवारा मिळतो तो मार."

मी फिरवली. चर्र, चर्र, खर्र. आणि एकदम तंबोरा खोलीत आला. आला म्हणजे आला; त्याची जवारी, तारांवरून निघणारी ती चांदीची वाफ. किशोरीताईंचा भूप मी शेकडो वेळा ऐकला असेन, पण त्यांच्यामागे तंबोरा आहे हे मला जणू त्या दिवशी कळलं. मी आनंदानं फोनवर किंचाळलो, "काका, लागले! गंजच होता!"

पलीकडे बराच वेळ कुणी बोललं नाही. मग काका म्हणाले, "गंज होता? मला वाटलं, माझे कान गेले. तंबोरा ऐकू येईना म्हणून मी लावायचंच सोडलं रे. आठ-दहा वर्षं झाली."

यावर विनोद करता येत नाही. मी प्रयत्न केला.

काकांचे कानही थोडे गेलेले होतेच. वय झालं की आधी वरचे सूर जातात. पण किती कानांचं आणि किती गंजाचं, हे कुणी तपासलंच नव्हतं. मुलानं त्यांना जाहिरात पाहून एक यंत्र आणून दिलं होतं. ते सगळंच मोठं करायचं. पंखा मोठा, भांडी मोठी, शेजारच्यांची भांडणं मोठी. माणसाचं बोलणं मात्र होतं तसंच अस्पष्ट. काकांनी ते ड्रॉवरमध्ये टाकलं. त्या यंत्राच्या खोक्यावरही 'सुपर पॉवर' असं लिहिलेलं होतं. म्हणजे इथेही तोच प्रश्न : किती वॅट?

आणि इथे त्या व्हिलचरची गंमत सांगतो. १९६७ साली त्यानं कंपनी विकली आणि उरलेलं आयुष्य घातलं कशात, तर कानाच्या यंत्रात! त्याचं म्हणणं असं, की कमी ऐकणाऱ्याला सगळं सरसकट मोठं करून देणं म्हणजे मदत नव्हे, छळ. त्याच्या कानाला कुठले सूर कमी पडतात ते पाहा, सुरांचे वेगवेगळे पट्टे करा, जिथे कमी आहे तिथला हलका आवाज उचला, मोठा आहे त्याला हात लावू नका. ही युक्ती त्यानं १९७३ साली सरळ छापून टाकली. पेटंट घेतलं नाही. ज्याला हवी त्यानं वापरावी. आज कानात बसणाऱ्या चांगल्या यंत्रांत त्याच विचाराची वंशावळ आहे. स्पीकर करणारा आणि ऐकू न येणाऱ्याला ऐकवणारा माणूस एकच, आणि दोन्हीकडे त्याचं सांगणं एकच : जोर वाढवू नका, जुळवा.

हे जुळवणं व्हॉल्व्हपंथीयांना तरी कळेल असं मला वाटलं होतं. माझे एक स्नेही त्या पंथाचे. त्यांच्याकडे काचेचे दिवे पेटणारा आठ वॅटचा ॲम्प्लिफायर आहे. संध्याकाळी ते त्याच्यापुढे असे बसतात, की समईच लावलेली आहे असं वाटावं. ते म्हणाले, "ट्रान्झिस्टर म्हणजे प्लास्टिकची फुलं. व्हॉल्व्ह लावा!" आता त्यांचं त्यांच्या घरी बरोबर आहे, कारण त्यांचे स्पीकर भोंग्याचे. अमेरिकेतल्या आर्कान्सामध्ये होप नावाच्या गावी पॉल क्लिप्श यांनी १९४६ साली कोपऱ्यात बसणारा मोठा भोंगा विकायला काढला, त्या घराण्यातले. त्या भोंग्यात आणि माझ्या एआरमध्ये तेवढ्याच विजेवर अठरा-वीस डेसिबलचा फरक पडतो. म्हणजे त्यांना एक वॅट पुरतो तिथे मला साठ ते शंभर लागतात. त्यांच्या आठ वॅटना माझे स्पीकर जोडणं म्हणजे हातगाडीला रोड रोलर बांधणं. आणि माझ्यासाठी लागणारा ॲम्प्लिफायर त्यांच्या भोंग्याला जोडला, तर त्यांच्या गाण्याआधी त्या ॲम्प्लिफायरची खरखरच ऐकू येईल. पण हे त्यांना पटेना. पंथ म्हटला की पत्रिका कोण बघतो?

खरं म्हणजे पत्रिका बघण्यात आपला हात कोण धरील? गण, नाडी, गोत्र, छत्तीस गुण! पण स्पीकरच्या लग्नात मात्र आपण फक्त पगार विचारतो. स्वभाव म्हणजे ओहम, भूक म्हणजे संवेदनक्षमता, घर केवढं म्हणजे खोली, हे कुणी विचारत नाही. आणि त्या पगाराचं गणितही धड करत नाही. वॅट दुप्पट केले की आवाज वाढतो फक्त तीन डेसिबल. 'थोडा वाढवलास का रे?' असं कुणी विचारावं, एवढाच. कानाला आवाज दुप्पट वाटायला वॅट दहापट लागतात. म्हणजे पन्नासचा शंभर केलात तर खिसा अर्धा होतो, आवाज दुप्पट होत नाही.

शेवटी मला ॲम्प्लिफायर मिळाला तो त्याच रस्त्यावर, एका जिन्यावरच्या खोलीत. तिथले म्हातारे गृहस्थ सोल्डरिंग करत बसले होते. त्यांनी मान वर न करता तीन प्रश्न विचारले. "स्पीकर कुठला? खोली केवढी? ऐकता काय?" मी सांगितलं : एआर-थ्री-ए, दहा बाय चौदा, शास्त्रीय, बायको झोपली असेल तर हळू. त्यांनी मागच्या फळीवरून एक करडा, नाकीडोळी अगदीच सामान्य डबा काढला. एनएडी थ्री-झीरो-टू-झीरो, १९७८ साली निघालेल्या जातीचा. आतले वाळलेले कपॅसिटर बदललेले. मला सांगायला लाज वाटते, पण मी विचारलंच :

"किती वॅट?"

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "वीस."

"वीस? शंभरवाला टक् करून मिटला हो!"

"तो शंभर लिहितो, हा वीस देतो. चार ओहमला घाबरत नाही. मागे बटण आहे, ते दाबून ठेवा. छताला लागायच्या आधी हा लाटेचा माथा वाकवतो, कापत नाही. वरातीला मात्र नेऊ नका."

नेला नाही. तेव्हापासून तो माझ्या घरी आहे. गरम होत नाही, टक् करत नाही, आणि द्रुतही पूर्ण ऐकवतो.

वरातीचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. 'किती वॅट?' हा प्रश्न घरात असेपर्यंत माणूस फक्त स्वतःचे पैसे घालवतो. तो रस्त्यावर आला की दुसऱ्याचे कान घालवतो. आमच्या गल्लीत उत्सवाला स्पीकरांची भिंत उभी राहते. मंडळाचे कार्यकर्ते सांगतात, "यंदा पन्नास हजार वॅट!" जणू देवाला बाप्पा म्हणून हाक मारली तर तो ओ देत नाही, वॅट मोजून देतो. कायद्यात २००० सालापासून लिहून ठेवलेलं आहे : राहत्या वस्तीत दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५, रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद, सवलत मिळालीच तर वर्षातले पंधरा दिवस, मध्यरात्रीपर्यंत. ५५च्या जागी १०५ झाले, तर लोकांना वाटतं दुप्पटच झाले. नाही महाराज. दर दहा डेसिबलला ऊर्जा दहापट, म्हणजे ही एक लाख पट झाली! कानाच्या आत ज्या केसांसारख्या नाजूक पेशी आहेत त्या एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. स्पीकरची झालर बदलून मिळते. ही मिळत नाही. त्या भिंतीपुढे नाचणाऱ्या पोरांना तंबोऱ्याची चांदी चाळिशीतच ऐकू येईनाशी झाली, तर तेव्हा काका म्हणाले तसं 'गंज होता' असं म्हणायची सोयही त्यांना नसेल.

काकांचं पुढे काय झालं? मुलानं त्यांचे कान रीतसर तपासून घेतले आणि तपासणीच्या आलेखाबरहुकूम जुळवलेलं यंत्र आणलं. पहिल्या रविवारी काका ते लावून आमच्याकडे आले. मी तोच भूप लावला, हळू, नेहमीइतकाच. काका डोळे मिटून बसले. थोड्या वेळानं त्यांनी बोट वर केलं. मला वाटलं, आवाज वाढव म्हणताहेत. मी बटणाकडे हात नेला तर म्हणाले, "नको रे. तंबोरा आलाय."

तेवढ्यात बेल वाजली. मंडळाची पोरं वर्गणीला आली होती. त्यांच्यातला पुढारी आत डोकावला. त्यानं पेट्या पाहिल्या, त्याचे डोळे चमकले आणि त्यानं अपेक्षेप्रमाणे विचारलं, "काय भारी स्पीकर आहेत! किती वॅट, आजोबा?"

काकांनी डोळे न उघडता हिशेब केला. खोली एवढी, आवाज एवढा. "आत्ता ना? एक."

"एक हजार?"

"नाही रे बाळा. एक."

हिशेब बरोबर होता. घरातल्या ऐकण्याला सरासरी तेवढाच लागतो. बाकीचे तबल्याच्या थापेपुरते राखीव. पण त्या मुलानं आमच्या दोघांकडे अशा काही करुणेनं पाहिलं, की मला उगाच शरमल्यासारखं झालं. पावती तो पाच हजार एकची लिहायला निघाला होता. ती त्यानं गुपचूप एकशे एकची केली. एक वॅटवाल्यांची ऐपत ती काय असणार!